शेलीनचा पहिला उपास

शेलीन : ...चौथ्यांदा विचारून गेली ती डॉक्टर. ‘लिथियमच्या किती गोळ्या घेतल्यास, खरं सांग.’ मनाच्या आजारासाठी नऊ वर्षं घेतेय, तेवढ्या रोजच्याच घेतल्या म्हटलं, तर दाराशी नर्स बसवली.

वर्ला : बसू दे की. पाणीबिणी लागलं तर बरं.

शेलीन : आत्या, पाणी द्यायला नाही बसवलेली ती. माझ्या बुटांच्या नाड्यासुद्धा काढून नेल्यात. त्यांना वाटतंय, मी जीव द्यायला निघाले होते.

वर्ला : अगं बाई!

शेलीन : रक्तात लिथियम भलतंच वाढलेलं निघालं ना. बाबांनाही तसंच वाटतंय. बाहेर बसलेत, पण आत येत नाहीत.

वर्ला : ओरिन लहानपणापासून तसाच घुम्या. मी जेली आणलीय बघ, लिंबाची.

शेलीन : नको. आत्या, खरंच घेतल्या असतील का गं मी जास्त? आधीचे तीन दिवस नुसत्या उलट्या, हात थरथरत होते. विसरून परत घेतल्या असतील...

वर्ला : नाही घेतल्यास.

शेलीन : तुला काय माहीत?

वर्ला : रविवारी तुला इथे आणलं, तेव्हा मी तुझ्या घरी गेले होते. वारांची डबी उघडून पाहिली. रविवारचा खण रिकामा, पण सोमवारपासूनचे सगळे खण भरलेले होते, एक गोळी कमी नव्हती.

शेलीन : आणि आज बुधवार! मग डॉक्टरला का नाही सांगितलंस?

वर्ला : तिने विचारलं असतं, तुम्ही तिथे कशाला गेला होतात.

शेलीन : कशाला गेली होतीस?

वर्ला : माझी बाटली आणायला. मी विकते त्या व्हिटॅमिनच्या कॅप्सूलची. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. ट्रकच्या सीटखाली आहे. शिव्या दे मला, पोरी.

शेलीन : पोटात मळमळतंय म्हटलं, तर तू कॅप्सूल पाचाच्या आठ केल्यास.

वर्ला : शरीर घाण बाहेर टाकतंय, असं म्हणाले मी. कुणी सांगितलं होतं मला? कुणीसुद्धा नाही. बाटलीवर ठळक लिहिलंय, जेवणाबरोबर घ्या. आणि मी तुला उपाशीपोटी द्यायला लागले. वर चर्चचा महिन्याचा उपासाचा रविवार, पाणीसुद्धा नाही.

शेलीन : आजाऱ्यांना सूट असते. नऊ वर्षं बिशप मला दर महिन्याला बजावतात, तू पाणी पी.

वर्ला : मला वाटलं, आता तू बरी झालीस. बऱ्या माणसांसारखा उपास करावास, आणि मी उभं राहून सगळ्यांना सांगावं...

शेलीन : सांगितलंस की, माइकवरून! ‘देवाने आणि या कॅप्सूलनी माझी भाची बरी केली.’ मी तेव्हा बाकाखाली ओकत होते.

वर्ला : लोकांना वाटलं, तू रडतेयस. मलाही तसंच वाटलं. शरम वाटते गं. अकरा घरांनी तुझ्याकडे बघून बाटल्या घेतल्या माझ्याकडून. डॉक्टरला सांगू नकोस, हेही मीच म्हणाले.

शेलीन : आणि मी ऐकलं. सव्वीस वर्षांची घोडी. मला ठाऊक होतं आत्या, लिथियमवर असताना पाणी सोडायचं नाही. अंगातलं पाणी कमी झालं की ते रक्तात साचतं, पहिल्याच दिवशी सांगतात ते. पण मलाही एकदा सगळ्यांसारखं बसायचं होतं त्या बाकावर. बाजूच्या बायकांनी माझ्या पाण्याच्या बाटलीकडे न बघता.

वर्ला : शेलीन...

शेलीन : या उलट्याही जास्तीच्या गोळ्यांनीच झाल्या, असं धरून चाललेत ते. आज मला वरच्या मजल्यावर नेणारेत. कुलपाचा वॉर्ड. एकदा तिथे गेले की शाळेतली नोकरी गेलीच समज.

वर्ला : बाटली आणू का ट्रकमधून? आत काय काय आहे ते वाचेल तरी ती.

शेलीन : आण. पण बाटली नुसती टेबलावर ठेवून निघून जाऊ नकोस.

वर्ला : मनात तेच आलं होतं.

शेलीन : माहीत आहे.

वर्ला : अकरा घरांनाही फोन करायला हवा. एकेका घरी.

शेलीन : ते नंतर. ती बघ, डॉक्टर येतेय.

(वर्ला उठून दारापाशी जाते.)

वर्ला : डॉक्टर, आधी माझं ऐकून घ्या. ओरिन, तूही आत ये. दोनदा सांगायची माझी छाती नाही.