गाभे काढलेली झाडं

लिहून घ्या, माझं नाव गिरजाबाई, माहेर हसनाबादकडचं, अन् आमचं घर म्हंजे शिंदीवाल्याचं, आज्यापणज्यापासून झाडावर चढून शिंदी, ताडीवाणी रस, काढायची अन् निजाम सरकारचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराच्या दुकानावर नेऊन घालायची, दुसरा धंदाच ठावं न्हाई. वढ्याच्या काठानं झाडंच झाडं. दादा, म्हंजे माझा बाप, एका साली झाडाला ह्या अंगानं खाच पाडायचा, दुसऱ्या साली त्या अंगानं, मंग खोडाकडं पाह्यलं की कोणची खाच आज्याची अन् कोणची बापाची ते आम्हाला बराबर कळायचं. काय सांगू तुम्हाला, सकाळची शिंदी इतकी गोड, लेकरंबी प्यायची, उन्हं चढली की मंग ती चढायची.

अन् झाड म्हातारं होऊन आटलं तर त्याला कुऱ्हाड लावायची न्हाई, ही आमच्या घरची रीत. वर जाऊन पाया पडायचं अन् कोयत्यानं शेंड्यातला कोवळा गाभा काढून घ्यायचा. मंग झाड उभ्याउभ्या वाळतं. दादा म्हणायचा, ज्यानं पोसलं त्याला आडवं पाडू न्हाई.

पुढं निजामाविरुद्ध चळवळ सुरू झाली. शिंदीचा पैसा निजामाच्या तिजोरीत जातो, झाडं तोडा, असं निघालं. माझा मोठा भाऊ किसन त्यांच्यात गेल्ता. एका दुपारी धा-वीस जण कुऱ्हाडी घेऊन वढ्यावर आले, किसन पुढं. दादा आडवा झाला न्हाई, एवढंच म्हणला, बाबा, मंग खायचं काय ते सांग. किसन म्हणला, राज्य गेलं की बघू. बाकीच्यांनी बुडाशी घाव घातले, पर किसनला ते जमंना, तो आपला वर चढला, पाया पडला, अन् गाभे काढत सुटला. घरची सवय हो, दुसरं काय. सांजच्यापारी तो जाफराबादेवरून वऱ्हाडात, निजामाच्या हद्दीबाहीर, पळाला.

दुसऱ्या रोजी पोलिस आले. जमादार वर बघतो तर अर्धी झाडं उभी अन् शेंडे रिकामे. म्हणला, ये तो शिंदीवालेकाच हाथ है. सीधे आमच्या दारी. पोरगा कुठंय म्हणून दरडावून राह्यले. दादा बाहीर आला अन् म्हणला, मीच तोडली साहेब, पोराला चढताबी येत न्हाई. त्याला भोकरदनच्या ठाण्यात नेलं. परत आला तो बैलगाडीत, घोंगडीखाली. घोंगडी काढून बघू नका म्हणले, पर मायनं बघितलं.

मंग हिंदुस्तानची फौज आली, पुलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. किसनला गावानं हार घातले, वाजतगाजत आणलं. दारात येऊन म्हणतो, दादा कुठंय, पाया पडू द्या. मायनं तोंड फिरवलं, सांगावं लागलं मला. त्यानं इचारलं, त्यांना आपलं घर कसं सापडलं. मी म्हणलं, तू गाभे काढले ना रे. तो तिथंच खाली बसला, गळ्यातला हार काढायचीबी सुध न्हाई.

तोबी गेला आता. वढ्याला कपाशी हाय. गावात इचारा, किसन देशासाठी लढला म्हणतील, अन् त्याचा बाप, तो व्हय, दारूच्या पायी धरला अन् मेला म्हणतील. मला लई लागतं ते. माझ्या बापानं कधी थेंब तोंडाला लावला न्हाई. जल्मात एकच खोटं बोलला, तेबी पोराला वाचवायला, ते तुम्ही लिहून घेतलं. देव तुमचं भलं करो.