वाकडा सहा

...नाही, मी म्हणतो, रंगवायचीच होती डायल, तर जरा नीट तरी रंगवायची! तुम्हाला सांगतो, जुनी मनगटी घड्याळं जमवायला लागलो ना, त्याआधी मी माणूस होतो. आता नुसता डोळा उरलोय! कुणी घड्याळ पुढे केलं, की भिंग लागलंच. मिनिटांच्या रेघा आकड्यांसमोर नाहीत? रंगवलेली! नावाची अक्षरं फुगलीयत? रंगवलेली! एवढं म्हातारं घड्याळ आणि तोंडावर एक डाग नाही? अहो, त्याच वयाच्या माझ्या मामाचं तोंड बघा जरा! दुकानदार म्हणतो, "साहेब, कपाटातच होतं हो, हात लागला नाही कुणाचा!" म्हटलं, हात नाही, ब्रश लागलाय! बरं, हे घड्याळापुरतं राहतं का? छे! मेव्हण्याच्या मिशा, शेजाऱ्यांची स्कूटर... वरचा रंग आधी दिसतो. बायको म्हणते, "माझ्याकडे बघताना तेवढं भिंग काढत जा." काय करू? एकदा दिसलं ना, की दिसतंच!

आणि बाबांचं घड्याळ... बाबा गेले तेव्हापासून ते आईच्या मनगटावर. कोपरापर्यंत घसरतं, पण उतरवायची नाही. त्याला मी कधी भिंग लावलं नव्हतं. बापाला कोण तपासतं हो? पण एक दिवस आई खिडकीत बसून भाजी निवडत होती, हातावर ऊन आलं, आणि... सहा! बाकीचे आकडे शिस्तीत उभे, हा एकटा उजवीकडे कललेला. रंगवलेली! बाबांची डायल रंगवलेली! मग जेवताना सहा, दाढी करताना सहा, आईनं पाण्याचा ग्लास पुढे केला तरी सहा. वाटायचं, बाबाच तिथून मान कलती करून बघतायत, "काय रे, मलाही पकडलंस?" घाबरायचो हो, खरंच घाबरायचो! पण एकदा दिसलं ना, की दिसतंच!

मग काय, अक्कल पाजळली! आईला म्हटलं, "साफ करून आणतो." नेलं डायलवाल्या कारागिराकडे आणि वरचा रंग उतरवून घेतला. खालून काय निघावं? मूळ डायल! पिवळट, डागाळलेली, पण अस्सल! सहा ताठ! नाचत घरी आलो. आईनं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, कानाला लावलं.

"कुणाचं उचलून आणलंस हे?"

"अगं, बाबांचंच!"

"ह्यांचा सहा कललेला होता. मला चष्म्याशिवाय तेवढाच कळायचा. मी म्हणायची ह्यांना, तुमच्यासारखाच आहे, दाराला न टेकता उभा राहील तर शपथ! जा, ज्याचं आहे त्याला देऊन ये. तो शोधत असेल रे."

ज्याचं आहे त्याला... कुठे नेऊन देऊ हो?

आता आईचं मनगट रिकामं. अंगठ्यानं ती जागा चोळत बसते. कुणी वेळ विचारली की हात वर करते... आणि तसाच खाली घेते. ते बघवत नाही, पण एकदा दिसलं ना...

पळालो परत कारागिराकडे. म्हटलं, "सहा वाकडा काढून द्या." तो भडकलाच! "साहेब, हयात गेली माझी, एक आकडा वाकडा नाही काढला!" हातापाया पडलो. शेवटी त्यानं डायल रंगवली, सगळे आकडे काढले, सहाची जागा मोकळी ठेवली आणि ब्रश माझ्या हातात दिला. "हे पाप तुमचं तुम्ही करा."

मी! दुनियेच्या रंगवलेल्या डायली पकडणारा मी! श्वास रोखून सहा काढला. कलला! कलला हो! घड्याळ आईला नेऊन दिलं. तिनं बराच वेळ पाहिलं, माझ्या गालावरून हात फिरवला.

"हा तुझा आहे रे. छान आहे. तूच घाल. ह्यांचं सापडलं, की सांग."

म्हणून हिंडतोय. दुकानदार मला लांबून बघतात, रंगवलेली घड्याळं पटापट खणात सारतात, अस्सल तेवढी पुढे मांडतात आणि छातीवर हात ठेवून सांगतात, "साहेब, लावा भिंग! एकदम अस्सल!"

आणि मी हळूच विचारतो, "अस्सल राहू द्या हो... ते खणातलं दाखवता का जरा?"