मशीनवर कोण बसलं होतं

— नाय नाय, ते नको सांगू. दुरुस्त करायला आणलाच नाय मी. मॉनिटर तर घरीच पडलाय, काच अंगणभर झाली, आई अजून वेचतेय. हा सीपीयू तेवढा वाचला, टेबलाखाली होता, पहार तिथवर पोचली नाय. चालू कर नि मला एवढंच सांग — त्या संध्याकाळी याच्यावर कोण बसलं होतं? बस. नाव सांग, मी चाललो. अख्ख्या महाडात जो तो म्हणतो ओमकडं जा, ओम मशीनच्या पोटातलं काढतो. मंग काढ की!

पासवर्ड? कसला पासवर्ड? बटण दाबलं की सरळ उघडतो. असा काय बघतोस? अरे, आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या तोंडाशी — तिथं दिवसा दाराला कडी लावली तर लोक विचारतात, आत कोण मेलं का. नि मी मुंबईहून मशीन आणून त्याला कुलूप घालू? साहेबाची गाडी चालवतो म्हणून माजला, म्हणाले असते. ओटीवर ठेवला होता, येईल त्याला दिसेल असा. पोरं गाड्यांचा खेळ खेळायची, तुळजाकाकू देवीचा फोटो बघून हात जोडायची, माझा धाकटा भाऊ महिपत पत्ते लावत बसायचा — तो बघ बाहेर मोटारसायकलवर, तोच, त्यानंच आणलं मला — नि रंजिता, माझी बायको, ती चॅटिंग करायची. माझ्याशीच रे! मी भांडुपला सायबरमध्ये, ती इथं. टायपिंगचा क्लास केला होता तिनं पोलादपूरला. मशीन लावलं, फोनची लाइन जोडली की तिचं चॅटिंग आपोआप उघडायचं, नाव-बिव काय घालायला नको. मीच तसं करून दिलं होतं. तिला त्रास नको म्हणून. वाईट केलं का? बोल ना!

कुठं असणार ती, माहेरी हाय, शिवथरला. हाताला प्लास्टर हाय. पडली जरा पायरीवरनं. — आता मान का हलवतोस? बरं, नाय पडली, मी पाडली. झालं समाधान? तूपण ऐक मंग सगळं, नि ऐकून तोंड वाकडं कर.

त्या संध्याकाळी मी सायबरमध्ये बसलेलो. पडद्यावर तिचं नाव लागलं. मी लिहिलं, जेवलीस का. तिकडनं काय यावं — तू नको विचारू, जेवू घालणारा हाय माझ्याजवळ, श्रीपत हाय. श्रीपत म्हंजे शेजारचा, आमच्या म्हशीची धार काढून देतो. मी लिहिलं, मस्करी नको. तर असं असं आलं ओम, की तुझ्यासमोर तोंडातून काढवत नाय. शेजारच्या खुर्चीवरचं पोरगं वाचत होतं माझ्या खांद्यावरनं, त्याच्या थोबाडात दिली मी. नि निघालो, मिळेल त्या ट्रकनं.

सकाळी पोचलो तर श्रीपत ओढ्यावर म्हैस धूत होता. मी काठी घेतलेली. महिपत म्हणाला, दादा, काठीनं काय व्हतंय त्याचं, ही घे — नि पहार दिली हातात. पहिला घाव गुडघ्यावर. ओला बांबू मोडावा तसा आवाज आला. दुसरापण तिथंच, कारण तो हात जोडायला लागला नि मला ते हात बघायचे नव्हते. घरी आलो. आधी मॉनिटर, मंग ती. ती ओरडत होती — मी घरात नव्हतेच हो, मी तुडीलला होते, भाचीच्या हळदीला होते! मी म्हणालो, थांब, तुडील दाखवतो तुला.

दाखवलं.

आता गंमत ऐक. पोलीस आले तर श्रीपत म्हणतो, रेड्यानं उडवलं. का म्हणाला असेल? रंजिताचं नाव पोलिसात जायला नको म्हणून. आयुष्यभर लंगडणार तो, नि माझ्या बायकोची अब्रू राखतोय! तेच खुपायला लागलं मला, जेवण जाईना. गेलो तुडीलला. त्यांनी हळदीची कॅसेट लावली. उजेड होता तवापासून दिवे लागले तरी रंजिता हाय त्याच्यात — हळदीनं माखलेली, नाचतेय, हसतेय. तेच तोंड आता सुजून... लाज वाटते रे मला. जमिनीनं गिळावं असं वाटतं. पण लाजेच्या वर राग हाय. कोणीतरी माझ्या ओटीवर बसून, माझ्या बायकोच्या नावानं माझ्याच हातून हे करवलं!

काय म्हणालास? कळणार नाय? सगळ्यांचं एकच नाव, जो बसेल तो रंजिता? म्हंजे कुत्रं बसलं असतं तरी रंजिता? मंग कशाला रे दुकान उघडून बसलास!

नाय, ओरडत नाय. पाणी नको. कोणाचं वाकडं होतं म्हणतोस? कोणाचंच नाय. बायका जळत असतील. महिपतशी एकदा खटकलं होतं तिचं, शिमग्यात — हात धरला म्हणून कानाखाली वाजवली त्याच्या, चार लोकांत. दीर-भावजयीची मस्करी, मीच हसण्यावारी नेलं. ते काय मोजायचं?

नेमकं काय लिहिलं होतं? सांगितलं ना, घाण. ...बरं. शेवटचं तेवढं सांगतो, तेच जास्त झोंबलं. लिहिलं होतं — नोकरीवरनं तर लाथ घालून काढलाय तुला, आता कुणाच्या जिवावर मिशीला पीळ देशील, श्रीपत निदान कमावतो तरी —

थांब.

थांब, काय बोलू नको.

रंजिताला कुठं ठाव होतं नोकरीचं? साहेबाच्या मेव्हण्याला हाणला नि मला काढला, हे घरी बोललोच नव्हतो मी. आईला नाय, तिला नाय. एकालाच सांगितलं होतं. फोनवर. आईची शपथ घातली होती त्याला, की बोलू नको म्हणून.

...

ओम, तू चहा पिऊन ये. नाय, तू जा. अरे जा म्हणतो ना! नि तो मोठा पेचकस राहू दे इथंच. शटर मी ओढून घेतो.

ए महिपत! आत ये रे जरा. सीपीयू उचलू लाग, जड हाय.