अर्धी कन्या

"काकू, राग नका मानू, पण ती पूर्ण आपली नाही ना! अर्धीच," शेजारची वर्षा मलाच समजावत होती. अष्टमीचं कन्यापूजन तिच्या घरी. बाकी मुलींचे पाय धुऊन झाले आणि माझ्या मीराला मात्र, "तू सोफ्यावर बस, बेटा." मीराचा बाप माझा मुलगा, आई केनियाची, जन्म इथला, नोएडाचा.

"मग बोलावलंस कशाला?"

"सोसायटीतल्या सगळ्याच मुलींना बोलावलं, काकू. लोक विचारतात हो, ही कुठली?"

मीरा केव्हाची मोजे काढून हातात धरून उभी. माझं डोकंच फिरलं. पोरीला उचलून पाटावर बसवलं आणि वर्षाला म्हटलं, "अर्धी ना? मग तू एकच पाय धू, दुसरा मी धुते."