कॅमेऱ्याच्या वायरवरचे बोंबील

तुमच्यापैकी कुणी कॅमेऱ्याच्या वायरवर बोंबील वाळत घातलेत का? आमच्या सासूबाईंनी घातले.

वर्सोव्याला आमचे बोंबील किनाऱ्यावर दोऱ्यांवर वाळतात. मध्यंतरी ते रोज थोडे थोडे चोरीला जायला लागले. मग बाजारात बसून विकायचं काय? म्हणून कॅमेरा लावला. घर तिथून बरंच लांब. कॅमेरावाला म्हणाला, "एवढ्या लांब साध्या वायरने चित्र नीट येत नाही. ही वायर घ्या, हिच्यात तारांच्या जोड्या एकमेकींना पीळ घालून असतात." त्याने ती बांबूंवरून घरापर्यंत ताणून आणली. शेजारणी तिच्याखालून वाकून जायच्या, शॉक बसेल म्हणून.

काही दिवसांनी टीव्हीवर नुसत्या रेघा. संध्याकाळी कॅमेरावाला आला, वायर बघत किनाऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. बोंबलांच्या वजनाने वायर झोळीसारखी लोंबत होती.

"आजी, हे काय केलंत? टोकाचा जोड सुटला ना!"

"अरे, चांगली ताणलेली दोरी रिकामी पडली होती. तिच्यात करंट आहे का?"

"करंट नाही. चित्र जातं तिच्यातून."

"मग जाऊ दे की. माझे बोंबील त्याला अडवतात का?"

त्याने कपाळाला हात लावला. "नवा जोड उद्या आणतो. तोवर हे काढा."

"काढून ठेवू कुठे? तुझ्या डोक्यावर?" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोऱ्यांवरचे सगळे बोंबील चोरीला गेले होते, आणि वायरवरचा एकही हलला नव्हता.