पाइप शेकायला गेलो तर

...मी काय म्हणालो होतो? पाइप शेकायचाय. एवढंच. आता तुम्हीच सांगा, यात डुकराचं नाव कुठे आलं का?

नळ कोरडा, आणि सवेता, म्हणजे आमची मंडळी, भांडी आपटत म्हणाली, "अहो, बर्फ वितळवून किती दिवस चहा प्यायचा? त्या पाइपाचं काहीतरी बघा." पाइप विहिरीवरून डुकराच्या खोपटाला लागून येतो, आणि नेमका तिथेच गोठलेला. डुकराचंही सांगतो, नाहीतर कळायचं नाही. नाताळाआधी गावातली सगळी डुकरं कापली, आमचं राहिलं, कारण माझी पाठ दुखत होती... सवेतापुढे दुखत होती. अहो, ते माझ्यामागे अंगणभर फिरतं, बसलो की पायावर डोकं टेकतं. त्याला कसं कापायचं?

तर शेजारचा पांतेलिमोन मदतीला आला, हातात कापलेल्या डुकराची लव जाळायचा गॅसचा बर्नर. "तोदेरदादा, आत्ता पाणी सोडतो." पेटवला. तुम्हाला सांगतो, तो घुर्रर्र आवाज आमच्या गल्लीत पोरासोरांना पाठ आहे, तो झाला की समजायचं डुक्कर पडलं, हात लावायला जायचं आणि ताजं मांस खाऊन यायचं, बोलावणं लागत नाही.

फ्रुसिनाकाकू पातेलं घेऊन फाटकात हजर. "झाली का रे पाठ बरी?"

म्हटलं, काकू, पाइप शेकतोय.

"शेक, शेक. कातडं तेवढं करपवू नकोस, हा पांतेलिमोन दरवर्षी करपवतो."

मागून तिचे दोघे मुलगे, सुऱ्या आणि दोर घेऊन, त्यांच्यामागून बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, बघता बघता अंगणाचं लग्नघर झालं. मला वाटलं, सवेता सांगेल, जा बाबांनो घरी. तर हिनं एप्रन बांधला. "आलेल्या माणसांना उपाशी पाठवू? उघडा खोपट." मी बघतच राहिलो हो. अख्खा जन्म काढला हिच्याबरोबर. पाइप शेकायचाय म्हणालो होतो मी, पाइप...

त्यांनी खोपट उघडलं आणि तेवढ्यात पाइप सुटला. सुटला म्हणजे, फुटलेला आधीच होता, बर्फानं बूच मारलेलं, ते गेलं आणि धार सगळ्यांच्या तोंडावर, खाली पडली की बर्फाची काच. थोरला घसरला, त्यानं धाकट्याला धरलं, पांतेलिमोन बर्नर वाचवायला गेला तो आडवा, आणि डुक्कर सगळ्यांना तुडवत माझ्याकडे, मी त्याला घेऊन स्वयंपाकघरात, आतून कडी.

बाहेरून सवेता, "अहो, लोकांना काय वाढू?"

म्हटलं, तळघरात असेल ते वाढ.

वाढलं. सॉसेज, चरबीतलं मांस, हिवाळ्याचं सगळं संपलं. वर काकू जाताना म्हणाली, "मांस ताजं नव्हतं हं."

खोपटात आता नुसता बर्फ, म्हणून डुक्कर चुलीपाशी झोपतं, आणि सवेता माझ्याशी बोलत नाही. काल पहाटे कूस बदलली तर ही उठून घोंगडी घालत होती. मला वाटलं, गेला राग. डोळे किलकिले करून बघतो, तर घोंगडी त्याच्या अंगावर.

म्हणजे आता याला कोणी कापत नाही. नळ मात्र कोरडाच. बर्फ वितळवतोय रोज, तिघांपुरता.