व्हायोलाची वही

वर्ना : चुलीचं झाकण खाली ठेव, एल्डन. आधी ठेव म्हणते ना!

एल्डन : सिंफनी माझी आहे. जाळीन, नाहीतर लोणचं घालीन.

वर्ना : लोणचंच घातलंयस बत्तीस वर्षं. आता शहरातल्या वाद्यवृंदाचा एक संचालक आपणहून विचारतोय, वाजवू का म्हणून. वादकांच्या स्वरलिपीच्या जुन्या वह्या तुझ्याकडे तपासायला पाठवल्यात. आज बाराच्या आत त्या टपालात पडल्या नाहीत, तर कार्यक्रम रद्द.

एल्डन : होऊ दे रद्द.

वर्ना : हे तू बोलतोयस? लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. श्रोते बहिरे, वादक रेडे, अख्ख्या अमेरिकेला कान नाहीत. अंगण वाकडं, अंगण वाकडं! आता कुणी अंगण सरळ करून देतंय तर...

एल्डन : म्हणूनच तर भीती वाटते, बाई! नाचता येतं की नाही ते आता कळेल. कुणी वाजवत नव्हतं तोवर ती चांगली होती. वाजली आणि टाकाऊ निघाली तर? शहात्तराव्या वर्षी मी कशाच्या आधारावर जगू?

वर्ना : बस इथं. अरे, एकदा वाजली होतीच ना?

एल्डन : मी अर्धीच ऐकली. दुसऱ्या भागात लोक हसले आणि मी उठून बाहेर पडलो.

वर्ना : तेव्हाच्याच या वह्या. आणि तू सुतळीसुद्धा सोडली नाहीस.

एल्डन : सोडणारही नाही. वादक वहीत पेन्सिलीनं काय खरडतात, ते मला विचार. अकरा वर्षं नाटकगृहात व्हायोलिन घासलंय. एकाच्या रचनेच्या वहीत मीच लिहिलं होतं, ‘हा संगीतकार मेला असावा. नसेल तर मारा.’ त्या बिचाऱ्यानं ते वाचलं. पुन्हा एक ओळ रचली नाही त्यानं.

वर्ना : हे मला कधी बोलला नाहीस.

एल्डन : कोणत्या तोंडानं बोलू?

वर्ना : कात्री दे इकडे.

एल्डन : वर्ना, नको. पाया पडतो तुझ्या.

(सुतळी कापल्याचा आवाज.)

वर्ना : व्हायोलिन. ‘तेरा एप्रिल, सन सव्वीस. चाळीस मिनिटं. बूट चावतात.’

एल्डन : बस्स? एवढंच?

वर्ना : बासरी. डुकराचं चित्र आहे. हॅट घातलेलं.

एल्डन : तो मी. हॅट माझीच.

वर्ना : ट्रॉम्बोन. ‘जांभई.’

एल्डन : पुरे झालं. टाक सगळं चुलीत.

वर्ना : थांब जरा. ही व्हायोलाची. शेवटचं पान कोरं आहे. लिहिलंय मधेच, तिसऱ्या भागात.

एल्डन : म्हणजे मी निघून गेल्यावर. वाचू नकोस... काय लिहिलंय?

वर्ना : ‘पुढच्या वेळी वाजवणाऱ्यासाठी. पान आधीच उलटून ठेवा. इथं उलटलंत तर कागद वाजतो आणि ओबोचा सूर ऐकू येत नाही.’

एल्डन : पुन्हा वाच.

वर्ना : ‘पुढच्या वेळी वाजवणाऱ्यासाठी...’

एल्डन : पुढच्या वेळी! असं लिहिलंय?

वर्ना : असंच. दोनदा अधोरेखित केलंय.

एल्डन : किती वाजले?

वर्ना : पावणेबारा.

एल्डन : बांध त्या. माझी हॅट कुठाय? वर्ना, भीती अजून वाटतेय गं मला.

वर्ना : वाटू दे. बाहेर बर्फ आहे, बूट घाल.